'बेन-हर' (१९५९) घरी नीट कसा पाहावा: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

'बेन-हर' पाहिला आहे असे सांगणाऱ्या अनेकांनी तो प्रत्यक्षात अर्धाच पाहिलेला असतो. कोणी रथांच्या शर्यतीचा तुकडा मोबाइलवर पाहिलेला असतो, कोणी जुन्या दूरचित्रवाणी संचावर दोन्ही बाजूंनी कापलेले चित्र पाहिलेले असते, तर कोणी रात्री नऊ वाजता चित्रपट सुरू करून गलबताच्या प्रसंगापर्यंत झोपी गेलेले असते. त्यानंतर 'चित्रपट फार लांबतो' असा शेरा मारला जातो. दिग्दर्शक विल्यम वायलर यांनी हा चित्रपट अतिरुंद पडद्यासाठी, एका बैठकीसाठी आणि ठरावीक जागी येणाऱ्या मध्यंतरासह रचलेला आहे. या तिन्ही गोष्टी घरीही जपता येतात. त्या कशा जपाव्यात, कोणत्या क्रमाने तयारी करावी आणि लोक नेमके कुठे चुकतात, एवढेच या लेखात मांडले आहे. शर्यतीचा निकाल आणि कथेचा शेवट येथे सांगितलेला नाही.

टप्पा १: योग्य चित्रपट आणि योग्य आवृत्ती निवडणे

पहिली चूक शोधपेटीत नाव टाइप करतानाच होते. याच कथेवर आणि याच नावाने १९२५ साली मूकपट निघाला होता आणि २०१६ साली सुमारे दोन तासांचा नवा चित्रपटही आला. घाईत भाड्याने घेतलेला चित्रपट २०१६ चा निघाला, असे पुष्कळदा घडते. म्हणून वर्ष १९५९, दिग्दर्शक विल्यम वायलर आणि प्रमुख भूमिकेत चार्लटन हेस्टन, या तीन गोष्टी जुळल्याशिवाय पैसे भरू नयेत.

त्यानंतर लांबी तपासावी. मूळ चित्रपट सुमारे ३ तास ३२ मिनिटांचा आहे. सुरुवातीचे वाद्यसंगीत आणि मध्यंतरानंतरचे वाद्यसंगीत धरले, तर ती लांबी ३ तास ४२ मिनिटांच्या आसपास जाते. यांपैकी दुसरा आकडा दाखवणारी आवृत्ती घ्यावी. तीन तासांहून कमी लांबी दिसली, तर ती कापलेली आवृत्ती आहे असे समजून ती बाजूला ठेवावी. चकतीवर (डीव्हीडी किंवा ब्लू-रे) पाहणार असाल, तर चित्रपट बहुधा दोन चकत्यांवर विभागलेला असतो आणि पहिली चकती मध्यंतराला संपते. दुसरी चकती आधीच हाताशी काढून ठेवावी आणि तिच्यावर ओरखडे नाहीत ना, हेही पाहून घ्यावे.

तिसरी तपासणी चित्राच्या आकाराची असून तीच सर्वांत महत्त्वाची आहे. हा चित्रपट ६५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चित्रित झाला आणि त्याच्या चित्राची रुंदी उंचीच्या २.७६ पट आहे. आजचा दूरचित्रवाणी संच १६:९ या प्रमाणाचा, म्हणजे उंचीच्या पावणेदोन पटींहून किंचित रुंद असतो. त्यामुळे योग्य आवृत्ती लावली की वर आणि खाली जाड काळ्या पट्ट्या दिसणारच. ५५ इंची पडद्यावर प्रत्यक्ष चित्र सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद आणि फक्त ४४ सेंटिमीटर उंच येते आणि वर-खाली प्रत्येकी १२ सेंटिमीटर काळी जागा राहते. ही जागा 'वाया गेली' म्हणून हळहळण्याचे कारण नाही. ती भरून काढण्यासाठी चित्र मोठे केले की डावी-उजवीकडची एक तृतीयांशाहून अधिक चौकट नाहीशी होते. जुन्या ४:३ प्रमाणातील प्रतीत तर निम्म्याहून अधिक चित्र गेलेले असते. वायलर यांनी ज्युडा आणि मेसाला या दोन मित्रांना चौकटीच्या दोन टोकांना उभे करून त्यांच्यामधील रिकाम्या जागेतून दुरावा दाखवला आहे. कापलेल्या प्रतीत एक वेळ ज्युडा दिसतो आणि एक वेळ मेसाला दिसतो, पण त्यांच्यामधील अंतर कधीच दिसत नाही.

पडताळणी: पहिल्या काही मिनिटांतील कोणतेही स्थिर चित्र थांबवून पट्टीने चित्राची रुंदी आणि उंची मोजावी. रुंदीला उंचीने भागल्यावर उत्तर पावणेतीनच्या जवळपास यायला हवे. उत्तर १.८ किंवा त्याहून कमी आले, तर चित्र कापले गेले आहे किंवा ताणले गेले आहे.

टप्पा २: पडदा, आवाज आणि बसण्याची जागा

ही तयारी आदल्या दिवशी करावी, कारण चित्रपट सुरू झाल्यावर रिमोटशी झटापट सुरू झाली की पहिला अर्धा तास त्यातच जातो.

दूरचित्रवाणी संचाच्या चित्राच्या पर्यायांत जाऊन 'झूम', 'स्ट्रेच' आणि 'वाइड' यांसारखे सर्व पर्याय बंद करावेत आणि चित्र मूळ आकारात ठेवावे. त्यानंतर हालचाल गुळगुळीत करणारी सोय शोधून बंद करावी. वेगवेगळ्या कंपन्या तिला वेगवेगळी नावे देतात, पण नावात बहुधा 'मोशन' हा शब्द असतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित झालेला आहे. ही सोय मधल्या चौकटी स्वतः तयार करून भरते आणि मग हजारो माणसांची गर्दी आणि प्रचंड नेपथ्य दैनंदिन मालिकेच्या चित्रीकरणासारखे दिसू लागते. संचात 'फिल्ममेकर' किंवा 'सिनेमा' नावाची तयार मांडणी असेल, तर ती निवडल्याने बरेचसे काम एकदम होते.

गलबताच्या पोटातील आणि कुष्ठरोग्यांच्या दरीतील प्रसंग बरेच काळोखे आहेत. त्यामुळे खिडकीचा पडदा ओढावा आणि समोरचा दिवा बंद करावा. पडद्याचा उजळपणा वाढवत नेऊ नये, कारण तसे केल्यास काळा रंग राखाडी होतो आणि वाळवंटातील प्रसंग पांढरे पडतात.

बसण्याचे अंतर पडद्याच्या रुंदीच्या साधारण दीडपट ठेवावे. ५५ इंची संचासाठी ते सुमारे १ मीटर ८० सेंटिमीटर येते. आपल्याकडच्या दिवाणखान्यात कोच सहसा समोरच्या भिंतीला टेकलेला, म्हणजे तीन-साडेतीन मीटर दूर असतो. इतर कार्यक्रमांसाठी ते चालते, पण येथे चित्राची उंची आधीच कमी असल्याने खुर्च्या पुढे ओढाव्याच लागतात. मोबाइलवर हा चित्रपट पाहू नये. साडेसहा इंची मोबाइलवर त्याचे चित्र जेमतेम साडेपाच सेंटिमीटर उंच येते आणि दूरच्या दृश्यातील माणसे ओळखूच येत नाहीत.

मिक्लोश रोझा यांच्या संगीताला खोल आणि भरदार आवाज लागतो. संचाच्या स्वतःच्या आवाजापेक्षा साधी ध्वनिपट्टीही (साउंडबार) पुष्कळ बरी. आवाजाची पातळी सुरुवातीच्या वाद्यसंगीतावर ठरवू नये, ती पहिल्या संवादांवर ठरवावी, नाहीतर पुढे संवाद ऐकूच येत नाहीत आणि दर पाच मिनिटांनी आवाज कमी-जास्त करावा लागतो.

खबरदारी: इंटरनेटवरून पाहणार असाल, तर एचडी दर्जासाठी तासाला साधारण २ ते ३ जीबी डेटा लागतो. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत चित्रपट पहिल्या तासातच अडकेल. शक्य असेल तेथे तो आधी उतरवून ठेवावा.

टप्पा ३: दिवस आणि वेळ ठरवणे

सुट्टीच्या दिवशी दुपारी चार वाजता सुरुवात करावी. साधारण सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान मध्यंतर येते. वीस मिनिटांचा चहा धरला, तरी आठच्या सुमारास चित्रपट संपतो आणि जेवण वेळेवर होते. रात्री नऊला सुरुवात केल्यास शेवट मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास येतो आणि कथेचा सर्वांत गंभीर भाग पेंगत पाहिला जातो. जेवण उत्तरार्धाच्या मध्ये आणू नये. खाणे-पिणे मध्यंतरातच उरकावे.

एका दिवसात चार तास मिळणे खरोखरच अशक्य असेल, तर दोन दिवस घ्यावेत, पण तोडायचे ते फक्त मध्यंतराला. दोन्ही दिवस लागोपाठ असावेत. 'आज एक तास, उद्या एक तास' अशा पद्धतीने हा चित्रपट पाहू नये. मेसालाच्या एका निर्णयाने ज्युडाच्या आयुष्याची जी वाताहत होते, तिचा भार पहिल्या भागात हळूहळू साचत जातो आणि मधे मधे उठल्यास तो साचतच नाही.

लहान मुलांबद्दल स्पष्ट सांगायला हवे. शर्यतीत माणसे रथांखाली चिरडली जातात, एका व्यक्तीच्या जखमा जवळून दिसतात आणि क्रुसावर खिळण्याचा प्रसंगही आहे. दहा-बारा वर्षांखालील मुलांना सोबत बसवण्याआधी मोठ्यांनी तो एकदा पाहून मगच निर्णय घ्यावा.

टप्पा ४: आधी जाणून घ्यायच्या मोजक्या गोष्टी

कथा वाचून बसू नये, पण काळ आणि नाती माहीत असावीत. मुख्य कथानक इ. स. २६ मध्ये सुरू होते. यहुदिया हा प्रांत रोमच्या ताब्यात आहे आणि रोममध्ये सम्राट टायबेरियसची सत्ता आहे. ज्युडा बेन-हर हा जेरुसलेममधील श्रीमंत ज्यू घराण्याचा तरुण आहे. त्याची आई मिरियम, बहीण तिर्झा, घराचा कारभारी सिमॉनिडीज आणि त्याची मुलगी एस्तर ही त्याच्या घरातील माणसे आहेत. मेसाला हा त्याचा लहानपणीचा रोमन मित्र आता लष्करी अधिकारी होऊन शहरात परत आला आहे. पुढे क्विंटस आरियस हा रोमन कॉन्सल, शेख इल्डरिम हा अरब घोडेमालक आणि बाल्थझार हा वृद्ध प्रवासी भेटतात. पाँटियस पायलेटही येतो. मराठी बायबल वाचणाऱ्यांना तो पिलात म्हणून परिचित असेल.

ही नावे एका कागदावर लिहून समोर ठेवावीत. घरातील ज्येष्ठांना इंग्रजी उपशीर्षके वाचणे अवघड जात असेल, तर त्यांना शर्यतीच्या आधीपर्यंतची रूपरेषा मराठीत आधीच सांगावी. चित्रपट चालू असताना शेजारी बसून अर्थ सांगत राहिल्यास दोघांचेही लक्ष मोडते.

आणखी एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी, ती म्हणजे हा इतिहासाचा धडा नाही. १८८० च्या एका कादंबरीवर तो आधारलेला असून ज्युडा आणि मेसाला ही काल्पनिक पात्रे आहेत. रोमन युद्धनौकांवर वल्ही मारणारे बहुतांशी स्वतंत्र पगारी माणसे असत. साखळदंडात जखडलेल्या कैद्यांचे जे चित्र येथे दिसते, त्याला त्या काळाच्या पुराव्यांचा आधार नाही. रोमच्या मोठ्या मैदानात रथ साधारणपणे सात फेऱ्या मारत, पण चित्रपटात नऊ फेऱ्या आहेत. हात पुढे ताठ करून केलेला जो 'रोमन' सलाम पडद्यावर दिसतो, त्याचेही प्राचीन वर्णन सापडत नाही. हे आधी माहीत असले की पाहताना दर दृश्यागणिक शंका काढत बसावे लागत नाही.

खबरदारी: कुष्ठरोगाविषयी चित्रपटात जी भीती दिसते, ती त्या काळाची आहे. आज हा आजार औषधांनी पूर्ण बरा होतो. 'आनंदवना'च्या महाराष्ट्रात हे मोठ्यांना माहीत असते, पण सोबत किशोरवयीन मुले असतील, तर त्यांना हे पाहण्याआधीच सांगावे.

टप्पा ५: पहिला भाग, म्हणजे वाद्यसंगीतापासून मध्यंतरापर्यंत

सुरुवातीला सुमारे साडेसहा मिनिटे पडद्यावर एकच स्थिर चित्र राहते आणि फक्त संगीत वाजते. ते चित्र मायकेलअँजेलोच्या 'आदमची निर्मिती' या भित्तिचित्राचे आहे. पुष्कळांना येथे प्रवाह अडकला आहे असे वाटते आणि ते चित्रपट पुढे ढकलतात. ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. संगीत नाटकात पडदा उघडण्याआधी नांदी जे काम करते, तेच काम हे संगीत करते. पुढच्या चार तासांतील मुख्य सुरावटी येथे एकदा कानावरून जातात आणि नंतर त्या परत आल्या की ओळखीच्या वाटतात. या वेळात दिवे मंद करावेत, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावेत आणि बसून घ्यावे.

त्यानंतर येशूच्या जन्माचा छोटा प्रवेश येतो, मग श्रेयनामे येतात आणि मग रोमन सैन्य शहरात शिरते. येथून पुढे तीन गोष्टींवर लक्ष ठेवावे.

पहिली गोष्ट दोन मित्रांच्या भेटीची. दोघे एकमेकांना भेटतात तेव्हा भाले फेकून जुना खेळ खेळतात. त्या क्षणीचा त्यांचा आनंद खरा आहे आणि तो नीट पाहिला, तरच पुढचे वैर समजते. मेसाला दुष्ट आहे असे पहिल्याच दृश्यात ठरवून टाकणारे प्रेक्षक या चित्रपटाचा गाभा हरवून बसतात. दोघांचा वाद एका मागणीवरून पेटतो, म्हणून तो संवाद चालू असताना कोणीही बोलू नये.

दुसरी गोष्ट नासरेथमधील पाण्याची. कैद्यांचा तांडा गावातून जात असताना ज्युडाला पाणी नाकारले जाते आणि एक अनोळखी माणूस त्याला पाणी देतो. त्या माणसाचा चेहरा कॅमेरा दाखवत नाही आणि पुढेही कुठेच दाखवत नाही. तो समोर असताना इतरांच्या चेहऱ्यांवर काय उमटते ते पाहावे, विशेषतः अडवायला आलेल्या रोमन अधिकाऱ्याच्या. हा प्रसंग लक्षात ठेवावा, कारण उत्तरार्धात त्याची गरज पडते.

तिसरी गोष्ट गलबतातील ठोक्यांची. वल्ह्यांचा वेग ठरवणारा माणूस ठोके देतो, आरियस एकेक हुकूम देत तो वेग वाढवत नेतो आणि संगीत त्या ठोक्यांवर चढत जाते. येथे आवाज कमी करण्याचा मोह टाळावा. या दृश्यात संवाद अगदी थोडे असून आरियस आणि ४१ क्रमांकाचा कैदी यांचे एकमेकांकडे पाहणे हीच त्यातील घटना आहे.

रोममधील प्रसंग तुलनेने सैल आहेत आणि येथे लक्ष थोडे विसावले तरी चालते. शेख इल्डरिमचा तंबू आला की मात्र पुन्हा सावध व्हावे. चार पांढऱ्या घोड्यांना अल्डेबरान, अल्टेअर, अँटारेस आणि रायजेल अशी ताऱ्यांची नावे आहेत. शांत आणि स्थिर घोडा आतल्या बाजूला का जुंपायचा, याबद्दलचे बोलणे नीट ऐकावे. शर्यतीत वळणावर काय चालले आहे ते त्यावरूनच कळते.

पडताळणी: मध्यंतराची पाटी आल्यावर तीन प्रश्नांची उत्तरे मनाशी द्यावीत. ज्युडा जेरुसलेमला कशासाठी परतला, आई आणि बहीण यांच्याबद्दल एस्तरने त्याला काय सांगितले आणि खरे काय आहे? यांपैकी एकाचेही उत्तर येत नसेल, तर शेवटची पंधरा मिनिटे मागे जाऊन पाहावीत, कारण या माहितीशिवाय शर्यत केवळ कसरत उरते.

टप्पा ६: मध्यंतर

मध्यंतर खरोखर घ्यावे. वीस मिनिटे पुरतात. या वेळात पुढे काय होईल याची चर्चा टाळावी आणि ज्यांनी चित्रपट आधी पाहिला आहे त्यांना तशी विनंतीच करावी. दुसऱ्या भागाआधीही काही मिनिटे संगीत वाजते, ते सुरू होताच सर्वांनी जागेवर यावे.

टप्पा ७: शर्यत

शर्यतीच्या सुरुवातीला रथांची मिरवणूक निघते आणि तिच्यासोबत संगीत असते. त्याच वेळी मेसालाचा रथ पाहून ठेवावा. त्याचे घोडे काळे आहेत आणि चाकांच्या तुंब्यांना धारदार पाती लावलेली आहेत. नऊ रथ आणि छत्तीस घोडे एकाच वेळी धावू लागले की पांढऱ्या आणि काळ्या घोड्यांच्या आधारेच कोण कुठे आहे ते कळते. किती फेऱ्या झाल्या हे मैदानाच्या मधल्या कट्ट्यावरील डॉल्फिनच्या आकृत्या एकेक करून खाली झुकतात त्यावरून मोजावे.

शर्यत सुमारे नऊ मिनिटे चालते आणि त्या काळात पार्श्वसंगीत अजिबात नाही. फक्त टापा, चाके, चाबूक आणि गर्दीचा आवाज ऐकू येतो. ध्वनिपट्टी बिघडली आहे असे समजून कोणी तारा हलवायला उठू नये. अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कनट यांनी हा भाग प्रत्यक्ष मैदान उभारून आणि खरे रथ पळवून चित्रित केला. एका ठिकाणी ज्युडाचा रथ अडथळ्यावरून उडतो आणि तो पुढे फेकला जातो. तेथे हेस्टन यांच्या जागी असलेला कसरतपटू खरोखरच तसा फेकला गेला होता आणि तो अपघात चित्रपटात तसाच ठेवण्यात आला. चित्रीकरणात माणसे दगावली ही मात्र अफवा आहे आणि शर्यत पाहताना तिचा शोध घेत बसू नये.

खबरदारी: ही शर्यत आधी वेगळी काढून पाहू नये. पूर्वी तुकडा पाहिलेला असेल, तरी या वेळी ती कथेच्या ओघातच पाहावी.

टप्पा ८: शर्यतीनंतरचा भाग

येथे पुष्कळ घरांत गप्पा सुरू होतात, दिवे लागतात आणि स्वयंपाकाची लगबग सुरू होते. चित्रपट अजून अर्ध्या तासाहून अधिक उरलेला असतो आणि ज्युडाचा खरा प्रश्न आता समोर येतो: सूड घेतला किंवा घेतला नाही, तरी मनातील आग कशी विझवायची. माझ्या मते हाच चित्रपटाचा सर्वांत अवघड भाग आहे, त्याला घाईने पाहणारे प्रेक्षक सर्वांत जास्त अन्याय करतात. शर्यत संपल्यावर हवे तर पाच मिनिटे थांबावे, पण दिवे लावू नयेत.

या भागात वेग मुद्दाम मंदावतो. शर्यत संपल्यानंतर लगेच येणारी दोघांची भेट, कुष्ठरोग्यांची दरी, डोंगरावरील प्रवचनाच्या वेळी ज्युडाचे दूर उभे राहणे आणि पायलेटशी झालेले बोलणे, असा क्रम लक्षात ठेवावा. प्रत्येक प्रसंगात ज्युडा काहीतरी नाकारतो किंवा स्वीकारतो. ते नेमके काय आहे, एवढेच पाहत राहावे. नासरेथचे पाणी येथे परत येते. ख्रिस्ती श्रद्धा नसलेल्या प्रेक्षकालाही हा भाग पोहोचतो, मात्र त्यासाठी तो प्रवचन म्हणून न ऐकता एका माणसाच्या मनाची हालचाल म्हणून पाहावा लागतो.

टप्पा ९: दुसऱ्यांदा पाहताना

दुसरी वेळ काही आठवड्यांनी घ्यावी आणि तेव्हा पूर्ण चित्रपट पाहण्याची सक्ती नाही. मित्रांची पहिली भेट आणि शर्यतीनंतरची त्यांची भेट, हे दोन प्रसंग लागोपाठ लावावेत. दोघे चौकटीत कुठे उभे आहेत, कोण उंचावर आहे आणि कोण खाली, यांची तुलना करावी. त्यानंतर पाण्याचे दोन्ही प्रसंग तसेच एकामागून एक पाहावेत. चार तासांचा चित्रपट पुन्हा सलग पाहायचा की नाही, हे त्यानंतर ठरवावे.